वाकळेचा उघडा कोपरा

शिलाई मशिनीचा आवाज कानावर आला की मला डुलकी लागते, हे माझ्या सुनेला खरं वाटत नाही. शेजारच्या फ्लॅटमधली बाई दुपारी पडदे शिवायला बसते. भिंतीपलीकडून खडखड सुरू झाली की सून कपाळाला आठ्या घालते आणि मी उशी जवळ ओढते. काय करणार, माझं सगळं लहानपण त्या आवाजात गेलं. बेळगावात शहापूरच्या एका अरुंद गल्लीत आमचं भाड्याचं घर होतं. पुढं सोपा, मागं दोन खोल्या, परसात न्हाणी आणि एक शेवग्याचं झाड. सोप्यात दाराजवळ, उजेड अंगावर पडेल अशा बेतानं आईची पायमशीन मांडलेली असायची. भिंतीपलीकडं कल्लव्वाच्या घरचा माग. तिकडं माग खटकखटक चालायचा, इकडं आईची मशीन, आणि या दोन्हींच्या मधनं मी शाळेची कविता पाठ करायची. आप्पा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला होते. संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवली की ते आधी उंबऱ्यात उभे राहून विचारायचे, "आत याला वाट हाय का?" कारण सोपाभर लोकांची कापडं पसरलेली असायची, आणि फौंड्रीचे काळे पाय कुणाच्या पिवळ्या साडीवर पडले तर त्यांची धडगत नव्हती.

आई एकाच वेळी दोन संसार करायची, एक आमचा आणि एक मशिनीचा. भाकरी तव्यावर टाकायची, सोप्यात येऊन एक बाही जोडायची आणि भाकरी उलटायला परत आत जायची. भाकरी करपलेली मला आठवत नाही. एका बाईच्या ब्लाउजला डावी बाही उजवीकडं लागली होती खरी, पण त्या बिचारीनं तो तसाच घालून घालून फाडला, आणि ती रस्त्यात दिसली की आई तोंड लपवायची. दुपारी जेवणं आटपली की कल्लव्वा परसातनं यायची आणि दोघी वाकळ घेऊन बसायच्या. कल्लव्वा तिला कौदी म्हणायची. तिची मातृभाषा कानडी, आईची मराठी, आणि दोघींच्या बोलण्यात दोन्हींची भेळ. जुन्या लुगड्यांचे थर, वर आईच्या कापणीतल्या चिंध्यांची ठिगळं, आणि काठाकडनं सुरू करून मधोमध येईपर्यंत बारीक धावदोरा. सगळं झालं तरी एक कोपरा उघडा ठेवायचा. त्यात चिमूटभर तांदूळ नाहीतर भाकरीचा वाळका तुकडा घालायचा, आणि मगच तो कोपरा शिवून टाकायचा. "कौदीचं पोट रिकामं ठिवू नये गं," कल्लव्वा म्हणायची, "पांघरणाऱ्याचं पोट रिकामं ऱ्हातंय." तांदूळ घालायचा मान घरातल्या धाकट्या पोरीचा, म्हणजे माझा. मी मूठभर घालायला जायची आणि आई हातावर चापट मारायची.

दिवाळी जवळ आली की भट्टीची गडबड सुरू व्हायची. तेव्हा घरात भाजायची सोय कुणाकडं होती? मैदा, तूप, पिठीसाखर, वेलदोडे सगळं डब्यांत भरून कासीममामूंच्या बेकरीत न्यायचं, तिथं फरशीवर फतकल मारून नानकटाई वळायची आणि पत्र्यांवर मांडून भट्टीत द्यायची. गल्लीतल्या सगळ्या बायका तिथं जमलेल्या. पत्रे सारखे, नानकटाया सारख्या, मग आपली ओळखायची कशी? कुणी वर चारोळी लावायची, कुणी बदामाचा काप. आई दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ न्यायची आणि एकेकीवर दाबायची. रिळाचा गोल आणि मधलं भोक असा शिक्का उठायचा. "शिलाईवालीका पत्रा निकला!" असं मामू आतनं ओरडले की मला मोठा अभिमान वाटायचा. घरी येताना डबा पोटाशी धरायचा आणि त्याची ऊब घरापर्यंत पुरायची.

एवढं सगळं करणाऱ्या बाईच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार होता. दिवाळीला सगळी गल्ली आईच्या हातचं नवंकोरं घालून फिरायची, आणि मी गेल्या वर्षीच्या फ्रॉकला खाली पट्टी जोडून. "तुझं काय गं, घरचंच. उद्या शिवते," हे आईचं ठरलेलं. लोकांचं वेळेवर दिलं नाही तर लोक बोलतात, घरची माणसं समजून घेतात, असं तिचं गणित होतं. मी समजून घ्यायची. माझी थोरली बहीण सुमन, म्हणजे आमची आक्का, ती काही समजून घेणारी नव्हती. तिचं लग्न गुंजीला ठरलं, भर लग्नसराईत. गल्लीतल्या आणखी दोघी नवऱ्यामुलींचे ब्लाउज आईकडं होते. ते आधी गेले. हळद लागली तरी आक्काचा ब्लाउज मशिनीवरच, आणि अक्षतांच्या वेळी तो तिच्या अंगावर चढला तेव्हा पाठीचे हूक लावायचे राहिलेले. आईनं आपल्या बांगडीतली पिन काढली, आक्काच्या पाठीला लावली आणि वरनं पदर ओढला. आक्का तशीच बोहल्यावर उभी राहिली. निघताना सगळ्या बायका रडत होत्या, आणि आक्का आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "आई गं, टोचतंय." रडता रडता सगळ्यांना हसू फुटलं. पुढं तो घरातला विनोदच झाला. "शिलाईवालीच्या लेकीचं लगीन पिनेवर निघालं बघा," असं आक्का येईल त्याला सांगायची, आणि आईही हसायची. पण ते तिला लागत होतं. हसून झालं की ती उगाच मशिनीला तेल घालत बसायची.

पहिल्या बाळंतपणाला आक्का माहेरी आली. दाजी तिला गुंजीहून आगगाडीनं घेऊन आले. सोबत घरच्या तांदळाचं गाठोडं आणि फणसाचे पापड. आक्का चांगली गोल झाली होती, चेहऱ्यावर तेज होतं, आणि जीभ पूर्वीसारखीच तिखट. आल्या आल्या तिनं सोप्यातल्या कापडांच्या ढिगाकडं बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आई, एक मागू का?"

"माग की."

"माझ्या बाळाची कुंची तेवढी येळंवर कर. साऱ्या गावाचं झाल्यावर नको. न्हाईतर ते बी पिनेवर निघायचं."

हसत हसतच म्हणाली ती. मी तिथंच अभ्यासाला बसले होते, म्हणून मला शब्दन् शब्द आठवतो. आईनं दात लावून दोरा तोडला आणि पुढच्या कापडाला हात घातला.

आता यात काय एवढं, असं हल्लीच्या मुलींना वाटेल. माझ्या नातीच्या जन्माआधी तिच्या खोलीत कपड्यांचं एक कपाट भरून ठेवलं होतं. आमच्याकडं तसं नव्हतं. बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्या नावानं नव्या कापडाला कात्री लावायची नाही. जुनी धोतरं, मऊ झालेली लुगडी फाडून दुपटी तेवढी करून ठेवायची. कुंची, झबलं, टोपरं हे सगळं बाळाचं तोंड बघितल्यावर. आई हा नियम गिऱ्हाइकांनाही लावायची. कुणी हौशी सासूबाई आगाऊ कुंची मागायला आली की ती कापड परत देऊन म्हणायची, "आदी बाळ येऊ द्या, मग कापड आना." पण आक्काचे दिवस भरत होते ते नेमके दिवाळीच्या तोंडावर. दिवाळीत बाळ झालं असतं तर कुंचीची पाळी ढिगाच्या तळाशी गेली असती, हे आईइतकं कुणाला ठाऊक होतं?

दसरा झाल्यावर एका दुपारी आईनं सगळी कापडं बाजूला सारली. ट्रंकेतनं एक हिरवा खण काढला, लाल काठाचा, तिनं स्वतःसाठी कधीतरी घेतलेला आणि न शिवलेला. खणावर खडूनं रेघा ओढल्या आणि कात्री घातली. कल्लव्वा वाकळेची सुई घेऊन आली होती. ती दारातच थबकली.

"ब्याडव्वा," ती म्हणाली. "नको. आदीच नको करू."

"एकदा तरी माझ्या पोरीचं आदी होऊ दे, कल्लव्वा," आई म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

अशी कुंची आईनं आयुष्यात कुणाला शिवली नसेल. आतनं मलमलीचं अस्तर, कपाळावर काठाची पट्टी, मागं झालर, आणि शेंड्याला लाल रेशमाचा गोंडा. संध्याकाळी आक्का परसातनं आली तर आईनं ती तिच्या पुढ्यात ठेवली. आक्का बघतच राहिली. मग तिनं पाण्याचा तांब्या उपडा घातला, त्यावर कुंची चढवली आणि तांब्याला मांडीवर घेऊन बसली. "बघ की गं," मला म्हणाली, "कसा दिसतोय बघ माझा बाळ्या." आप्पांनीही उंबऱ्यात उभं राहून त्या तांब्याला "काय रं पैलवान?" असं विचारलं. आम्ही सगळे हसलो. आई हसली, आणि नंतर मशिनीला तेल घालायला बसली नाही, हे माझ्या चांगलं लक्षात आहे.

भट्टीला जायचा दिवस आला तेव्हा आईचा पाय निघेना. पण आक्कालाच नानकटाई हवी होती. "जा की गं, अजून येळ हाय मला. आनि रिळाच्या शिक्क्याचीच पायजे," असं म्हणून तिनं आम्हां दोघींना घालवलं. पहिला पत्रा भट्टीत गेला होता आणि आई दुसऱ्यावर रीळ दाबत होती, तेवढ्यात कल्लव्वाचा मुलगा आक्काला कळा लागल्याचं सांगायला सायकल मारत आला. आईनं पिठाचे हात तसेच पदराला पुसले. "तू जा बेटी, मैं देखता हूँ," मामू म्हणाले. त्यांनी बाकीची नानकटाई भाजून, डब्यात भरून आमच्या घरी पोचवली. उरलेल्यांवरही त्यांनी रिळाचा शिक्का मारला होता.

दवाखान्यात काय झालं ते मी बघितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी फार केलं, असं आप्पा नेहमी सांगायचे. मुलगा होता. तो रडला नाही.

मी घरी होते. कल्लव्वाला आक्काजवळ ठेवून आई आणि आप्पा रिक्षानं घरी आले. दुपार होती, सोप्यात ऊन आलं होतं, आणि भट्टीचा डबा कोपऱ्यात कोमट होता. आप्पा सवयीनं उंबऱ्यात थांबले. "कोरं कापड पायजे," ते म्हणाले. "मातीत द्यायला कोरं कापड लागतंय." आईनं सोप्यात चौफेर बघितलं. सगळीकडं कापडच कापड होतं. साड्या, खण, पॉपलिन, सॅटिन, दोन फ्रॉकांची छापील कापडं. घरभर कोरं कापड, आणि त्यातलं वीतभरसुद्धा आमचं नव्हतं. तिनं एक उचललं, ठेवलं. दुसरं उचललं, ठेवलं. मग ट्रंक उघडली आणि कुंची काढून आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी ती आपल्या काळ्या, चरे पडलेल्या हातांच्या ओंजळीत धरली. "अगं, ही?" ते म्हणाले. आई म्हणाली, "त्याचीच हाय ती." निरोप मिळताच गुंजीहून आलेले दाजी आणि आप्पा संध्याकाळ व्हायच्या आत जाऊन आले. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझा हात थांबला. उठून पाणी पिऊन आले.

आक्का घरी आली तेव्हा अंथरुणावर बसून तिनं एकच विचारलं, "कुंची कुठाय?" आई म्हणाली, "त्याच्यासंगट दिली." आक्का भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. तिचा पान्हा बांधायला आईनं जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडल्या आणि त्या बांधताना आक्का ओरडली, ते मी आतल्या खोलीतनं ऐकलं. त्या घरात कुणी कुणाला एका शब्दानं दोष दिला नाही. गुंजीहून आक्काच्या सासूबाई आल्या, चांगल्या बाई होत्या, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. जाताना तेवढं म्हणाल्या, "शिलाईचं घर हाय. हाताला दम निघत न्हाई मानसाच्या." आईनं मान खाली घातली. कल्लव्वानं तर त्या दुपारचा शब्दही पुन्हा काढला नाही. पण ती यायची तेव्हा आई तिच्याकडं बघत नसे. नानकटाईचा डबा कुणी उघडला नाही. आई त्यानंतर भट्टीवर कधीच गेली नाही. दर दिवाळीला मामू आपण होऊन एक पुडा पाठवायचे, बिनशिक्क्याचा.

मशीन थांबली नाही, कशी थांबेल? पण आईनं घरच्यासाठी शिवणं सोडलं. आधी आमचं शेवटी शिवायची, आता शिवेनाशीच झाली. मला तिनं समोर बसवून कापायला, बेतायला, टीप मारायला शिकवलं आणि सांगितलं, "तुझं तू शीव." आप्पांच्या सदऱ्याचं बटण तुटलं तर ते मी लावायचं. आप्पांनी एकदा थट्टेत विचारलं, "आमी काय परके झालो व्हय?" तर ती म्हणाली, "परक्यास्नी काय हुईत न्हाई माझ्या हातनं."

दोन-तीन वर्षांनी आक्काला मुलगी झाली. ते बाळंतपण गुंजीलाच झालं, आक्कानंच हट्ट धरला होता. मुलगी चांगली हसायला-रांगायला लागल्यावर ती घेऊन आली. रेणू नाव ठेवलेलं. गोरी, टपोऱ्या डोळ्यांची, सगळ्यांकडं जाणारी. आईनं तिला ओवाळून आत घेतलं, मांडीवर घेतलं, न्हाऊ घातलं, तिच्या टाळूवर तेल जिरवलं. आणि नंतर एक कागदाची पुडी काढून आक्काच्या हातात दिली. त्यात खडेबाजारातनं आणलेलं एक तयार टोपरं होतं, गुलाबी, जाड शिवणीचं.

आक्कानं ते उलटंपालटं करून बघितलं. "हे इकत आनलंस?"

"मऊ हाय की. बरं हाय."

"साऱ्या शहापूरची पोरं तुझ्या हातचं घालत्यात. आनि माझ्या पोरीला बाजारातलं?"

आई मशिनीवर बसली होती. कुणाचा तरी ब्लाउज पुढ्यात होता. "माझ्या हाताला गुन न्हाई गं," ती म्हणाली आणि टीप मारत राहिली.

"हाताला गुन न्हाई म्हनं! सरळ सांग की." आक्काचा आवाज चढला. रेणू दचकून माझ्या खांद्याला बिलगली. "मी मागितली म्हनून तू आदी शिवलीस. माझ्या जिभेनं माझा बाळ गेला. तू तोंडानं बोलत न्हाईस, पर मनात धरलंयास. म्हनून माझ्या पोरीला काय शिवत न्हाईस तू."

मशिनीचं चाक थांबलं. आईनं वळून बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "तू मागितलीस?" ती म्हणाली. "कवा गं?"

"दारात पाय ठिवला तवाच. येळंवर कर म्हनलेली न्हवं?"

"मला न्हाई आठवत, सुमन. देवाशपथ न्हाई आठवत." आई उठून उभी राहिली. "माझी हौस होती गं ती. तुझं लगीन पिनेवर निघालं, ते माझ्या काळजात टोचत होतं. कल्लव्वा नको म्हनत होती. म्याच ऐकलं न्हाई."

 इतकी वर्षं दोघी एकमेकींपासून तोंड फिरवून एकच ओझं वाहत होत्या, आणि प्रत्येकीला वाटत होतं की ते आपल्या एकटीचं आहे. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडले, आणि आम्हांला बघून रेणू रडली. ते लेकरू तिथं होतं म्हणून बरं, नाहीतर आम्ही थांबलोच नसतो. गोष्टीत असतं तर इथं सगळं सुरळीत झालं असतं. आईनं त्याच दुपारी खणाचा एक तुकडा घेतला, मशिनीवर धरला, सुईत दोरा ओवला. पाय पायट्यावर ठेवला. चाक फिरेना. तिनं पाय उचलला, पुन्हा ठेवला, तरी चाक जागचं हललं नाही. आक्कानं पुढं होऊन सुईखालचं कापड हळूच काढून घेतलं. "ऱ्हाऊ दे आई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आईनं रेणूसाठी वाकळ शिवायला घेतली. वाकळेला कोरं कापड लागत नाही आणि मशीनही लागत नाही, हे तिच्या मनानं कुठून तरी शोधून काढलं असावं. स्वतःची दोन लुगडी, आप्पांचं धोतर, आणि ठिगळांना आमचेच जुने फ्रॉक. कल्लव्वा समोर बसली. त्या दिवाळीनंतर पहिल्यांदाच दोघी पूर्वीसारख्या कानडी-मराठीत भांडत, हसत शिवताना मी बघितल्या. रेणू मध्येच वाकळेवर रांगत यायची आणि दोघी सुया वर धरून बसायच्या.

आक्काला पोचवायला आम्ही स्टेशनवर गेलो तेव्हा आईनं ती घडी आक्काच्या मांडीवर ठेवली. एक कोपरा उघडाच होता. "एवढा तू शीव," आई म्हणाली. "माझ्या हातनं पुरं करायचं धाडस न्हाई झालं."

"मला कुठं शिवता येतंय?" आक्का खिडकीतनं म्हणाली. "तूच ये गुंजीला. रेणूच्या हातानं तांदूळ घालू, आनि तू शीव. तवर उघडाच ऱ्हाऊ दे."

"येते."

"कवा?"

"ही लग्नसराई झाली की येते."

गाडी हलली. आई पुष्कळ वेळ फलाटावर उभी होती.

लग्नसराई झाली, मग गणपतीची झबली-परकर आले, मग दसरा, मग दिवाळी. "लोकांचं अडवून कसं चालंल?" हे तिचं जुनं पालुपद पुन्हा सुरू झालं. तेव्हा मला राग यायचा. आता वाटतं, काम हे निमित्त असेल. कोपरा उघडा आहे तोवर काही बिघडणार नाही, असं तिनं मनाशी धरलं असेल. मला खात्रीनं सांगता येत नाही. आक्का सणावाराला यायची, पण वाकळ मुद्दाम गुंजीलाच ठेवून यायची. "ती तिथंच शिवायची," म्हणायची. रेणू पळायला लागली, शाळेत जायला लागली. आणि एका वर्षी दिवाळीच्या आधी आईनं चक्क लोकांची कापडं परत पाठवायला सुरुवात केली. "औंदा जमायचं न्हाई, लेकीकडं जायाचंय," असं ती दारातनं सगळ्यांना सांगत सुटली. कल्लव्वाचा विश्वास बसेना. आईनं पिशवी भरली. सुया, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ, रेणूसाठी खव्याच्या कुंद्याचा पुडा घ्यायचा म्हणून आप्पांना आठवण. आणि त्याच आठवड्यात तिला कावीळ झाली. साधी वाटली, पथ्यपाणी केलं, औषधं केली. ती बरी होईल हे आम्ही सगळेच धरून चाललो होतो. ती झाली नाही.

आक्का पहिल्या गाडीनं आली. तिच्या एका हातात रेणूचा हात होता आणि काखेत वाकळ. सोप्यात आईला ठेवलं होतं, मशीन बाजूला ओढून. सोपा तेव्हा रिकामा होता, एकसुद्धा कापड पसरलेलं नव्हतं. तरी आप्पा उंबऱ्यातच उभे होते. आक्का आईशेजारी बसली, रडली नाही. वाकळेची घडी उलगडून तिच्या अंगावर घातली आणि कोपरा हातात धरला. कल्लव्वा उठली, आतनं तांदूळ घेऊन आली आणि रेणूच्या मुठीत दिले. रेणूनं ते कोपऱ्यात घातले. मी डोळे पुसत मशिनीच्या खणातनं सुई शोधायला लागले, आईच्याच भरलेल्या पिशवीतनं दोरा काढला.

"नको," आक्का म्हणाली. तिनं आपल्या बांगडीतली पिन काढली आणि त्या कोपऱ्याला लावली. मग आईच्या गालावर हात ठेवून म्हणाली, "पिनेवरच निघालं गं आई. आपलं समदं पिनेवरच निघालं." आणि तेव्हा तिला रडू फुटलं.

आईला घेऊन माणसं निघायच्या वेळी तिनं वाकळ काढून घेतली आणि परत गुंजीला नेली. ती अजून तिच्याकडं आहे. ठिगळं विरली, धोतराचा थर पार मऊ झाला. वर्षातनं एकदा ती वाकळ धुते, तेव्हा पिन काढते, जुने तांदूळ पाखरांना टाकते, नवे घालते, पुन्हा पिन लावते. पिन गंजली की बदलते. आक्काचे गुडघे गेलेत, कान गेलेत, रेणूलाच आता सून आलीये. मी गुंजीला गेले की दर वेळी म्हणते, "आण इकडं, दोन टाके घालते. माझा हात अजून चालतोय." परवाही म्हणाले. आक्कानं वाकळ जवळ ओढून घेतली.

"ऱ्हाऊ दे गं," ती म्हणाली. "आई येते म्हनलीया न्हवं."